घटक ५ : नाव, किताब आणि वतन – घराण्याच्या कागदांचे भाषिक वाचन

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर ऐतिहासिक कागदपत्रांत आडनाव, किताब आणि वतन यांचा परस्परसंबंध कसा व्यक्त होतो, हे तुम्हांला सांगता येईल. वारसाविषयक मराठी शब्दांची व्युत्पत्ती आणि त्यांचे बदललेले अर्थ स्पष्ट करता येतील. तसेच एखादी वंशावळ समोर आली असता ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने लिहिली, हा प्रश्न तिला विचारता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण बखर आणि कैफियत या गद्यप्रकारांची ओळख करून घेतली. या घटकात त्या कागदांच्या आत वावरणाऱ्या शब्दांकडे जायचे आहे. विषय ऐतिहासिक वाटला, तरी तो तुमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीपर्यंत पोहोचणारा आहे. म्हणून प्रारंभ तेथूनच करू.

काल्हेर हे ठाणे-भिवंडी रस्त्यावरचे, खाडीलगतचे गाव. जेथे भाताची खाचरे होती, तेथे आज गोदामे आणि इमारती उभ्या आहेत. जमिनीला भाव आला की कागदांना जाग येते. अशाच एका कुटुंबातील विद्यार्थिनी संपर्कसत्राच्या वेळी एका जुन्या फेरफाराची प्रत घेऊन आली. त्यात पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे होती. तिने विचारले, ‘‘सर, हे आमचं जुनं आडनाव आहे का?’’ वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या साडेतीन अक्षरांवर तिच्या आजीचा हिस्सा अवलंबून होता. त्यांचा उलगडा या घटकाच्या शेवटी होईल. तत्पूर्वी नाव, पदवी आणि जमीन ही त्रयी एकमेकींत कशी गुंतलेली असते, हे मोठ्या घराण्यांच्या उदाहरणांवरून पाहू. मोठ्या घराण्यांचे कागद अधिक प्रमाणात टिकले, एवढेच त्यांच्या निवडीचे कारण आहे.

५.२ आडनाव आणि भूमी

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करताना जेम्स ग्रँट डफ हे नाव तुम्ही वाचले असेल. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या या स्कॉटिश अधिकाऱ्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. साताऱ्यास असताना हे गृहस्थ नुसते जेम्स ग्रँट होते. स्कॉटलंडला परतल्यावर, १८२५ च्या सुमारास, आईच्या बाजूकडील ‘ईडन’ नावाची जहागीर त्यांच्याकडे आली आणि तिच्याबरोबर ‘डफ’ हे आडनावही आले. आपण ज्याला सहजपणे ‘डफसाहेब’ म्हणतो, त्याच्या नावातला ‘डफ’ हा वारसाहक्काचा शब्द आहे. जमीन घेतली, म्हणून नाव घेतले. येथे आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. ही जमीन आणि हे नाव आईच्या बाजूने आले.

स्कॉटलंडमध्ये घराण्याचे नाव आणि जमिनीचे नाव यांचे नाते इतके घट्ट आहे की, आडनाव आणि जहागिरीचे नाव एकच असेल, तर त्या कुलप्रमुखाचा उल्लेख ‘अमुक ऑफ दॅट इल्क’ असा करतात. ‘इल्क’ म्हणजे ‘तेच’. अर्थात ‘अमुक गावचा अमुक’. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे आडनावही मुळात पूर्व लोदियन परगण्यातील एका गावाचे नाव आहे.

मराठीत हेच काम ‘-कर’ हा प्रत्यय करतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु सर्वच ग्रामनामजन्य आडनावे ‘-कर’ प्रत्ययान्त नसतात. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूर या गावावरून ते डफळे झाले. फलटणच्या निंबाळकरांचे मूळ आडनाव पवार, आणि निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले असे मानले जाते. आपल्या किनाऱ्यावरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आंग्रे यांचे. कान्होजींच्या वडिलांचे घराणे संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ‘आंग्रे’ हे नाव रूढ झाले. येथे प्रत्यय ‘-ए’ आहे. ग्रामनामाचे विशेषणात आणि विशेषणाचे कुलनामात रूपांतर झाले. कालांतराने गाव विस्मृतीत गेले आणि नाव समुद्रावर गाजले.

आडनावाचा दुसरा उगम अधिकारात आहे. काल्हेरपासून फार दूर नसलेल्या अंजूरचे उदाहरण घ्या. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगिजांविरुद्ध साष्टी-वसईची मोहीम झाली. तीत गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांच्या बंधूंनी मराठ्यांना मोठे साहाय्य केले. ‘गंगाजी नाईक अंजूरकर’ या एका नावात तीन थर आहेत. पहिला व्यक्तीचा, दुसरा अधिकाराचा आणि तिसरा भूमीचा. ‘नाईक’ हा संस्कृत ‘नायक’ शब्दाचा अवतार; म्हणजे पुढारी. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, चौगुले ही नावेही अशीच. आज ज्याला आपण आडनाव म्हणतो, ते त्या काळी पदनाम होते. पद गेले, नाव उरले.

५.३ किताब : ‘सरखेल’ या शब्दाचा प्रवास

किताब म्हणजे राज्यकर्त्याने दिलेली पदवी. अनेक किताब फारसी-अरबी शब्दांतून घडले, आणि ते उच्चारणाऱ्यांना त्यांचा मूळ अर्थ माहीत असेच असे नाही. कान्होजी आंग्र्यांचा ‘सरखेल’ हा किताब पाहा. फारसी ‘सर’ म्हणजे डोके, प्रमुख. ‘खैल’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ घोडे, घोडदळ. फारसीत तो टोळी किंवा तुकडी या अधिक व्यापक अर्थाने आला. तेव्हा व्युत्पत्तीनुसार ‘सरखेल’ हा घोडेस्वारांच्या तुकडीचा म्होरक्या ठरतो! मराठीत मात्र त्याचा अर्थ आरमाराचा अधिपती असा स्थिरावला. बडोद्याच्या गायकवाडांच्या ‘सेनाखासखेल’ या किताबातही हाच ‘खेल’ आहे, पण तो जमिनीवरच राहिला. व्युत्पत्ती आपल्याला शब्दाचा जन्म सांगते. त्याचे चरित्र वापरातूनच कळते. परीक्षेत व्युत्पत्तीलाच अर्थ समजण्याची चूक वारंवार होते, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवा.

किताब वंशपरंपरेने चालू लागला, की तो वतनासारखा वागू लागतो. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंतअमात्य ही मुळात राज्यकारभारातील पदे. पुढे ती घराण्यांची ओळख झाली. आणि जे वंशपरंपरेने चालते, त्याच्यासाठी भाऊ भांडतात.

आंग्र्यांच्या घरात हेच घडले. आधी ताराबाईंच्या पक्षात असलेल्या कान्होजींना १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी शाहूंच्या बाजूस वळवले. त्यांचे सरखेलपद आणि किल्ल्यांसह मोठा मुलूख त्यांच्याकडे कायम झाला. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. थोरले सेखोजी सरखेल झाले, परंतु १७३३ मध्ये त्यांचाही मृत्यू झाला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत तेढ वाढली. संभाजींकडे सरखेलपद होते. मानाजींनी पोर्तुगिजांची मदत घेऊन कुलाबा बळकावला. १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्ये पडून जो तोडगा काढला, तो भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. मुलूख विभागला गेला; कुलाबा मानाजींकडे आणि दक्षिणेकडील सुवर्णदुर्गाची बाजू संभाजींकडे. पण ‘सरखेल’ हा शब्द कसा विभागणार? तो संभाजींकडे ठेवला आणि मानाजींना ‘वजारतमाब’ हा वेगळा किताब मिळाला. ‘वजारत’ म्हणजे वजिरी, ‘मआब’ म्हणजे आश्रयस्थान किंवा परतण्याची जागा. जमीन वाटता येते, शब्द वाटता येत नाही. म्हणून दुसरा शब्द आणावा लागला. या दुफळीमुळे आरमाराची ताकद घटली. संभाजींनंतर सरखेल झालेल्या तुळाजींचा विजयदुर्ग १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत पडला. पेशव्यांनी स्वतःच्या राज्याचे आरमार इंग्रजांच्या साह्याने मोडले, हे मत तुम्ही अनेक ग्रंथांत वाचाल. ते मला रास्त वाटते. तथापि त्या पतनाची एक मुळी १७३५ च्या वाटणीतही आहे.

स्कॉटलंडमध्ये असा पेच सहसा येत नाही, कारण तेथे सरदारकीची पदवी एकालाच मिळते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे चौथे पुत्र. थोरला भाऊ लॉर्ड झाला. चौथ्याच्या वाट्याला कंपनीची नोकरी आली. १८१९ ते १८२७ या काळात मुंबई इलाख्याचा कारभार पाहणाऱ्या या माणसाच्या नावामागे घराण्याची ‘लॉर्ड’ ही पदवी कधीच नव्हती. १८५३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर म्हणून जे लॉर्ड एल्फिन्स्टन आले, ते त्यांचे पुतणे, तेरावे लॉर्ड. मुंबईच्या इतिहासावरील लेखनात या दोघांची गल्लत आजही होते. पदवी आहे की नाही, एवढे पाहिले तरी ती टळते.

५.४ वतन, इनाम, सरंजाम, मिरास

आता जमिनीच्या शब्दांकडे वळू. अरबीत ‘वतन’ म्हणजे मायभूमी. मराठीत त्याचा अर्थ वंशपरंपरागत हक्क, आणि त्या हक्काबरोबर येणारे काम, असा झाला. पाटीलकी हे वतन, महारकीही वतनच. पहिल्यात मान होता, दुसऱ्यात राबणूक होती. एकच शब्द दोन्हींना लागू होता, म्हणून दोन्हींचे जगणे एकसारखे होते असे मुळीच नाही. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आवाज उठवला, तो याच कारणाने. ‘वतन’ शब्दाकडे केवळ अभिमानाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

‘इनाम’ म्हणजे देणगी. ‘जहागीर’ हा फारसी समास : ‘जा’ म्हणजे जागा, ‘गीर’ म्हणजे धरणारा. ‘सरंजाम’ म्हणजे तजवीज, सिद्धता. लष्कर बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख. तत्त्वतः सरंजाम हा सेवेसाठी असे आणि तो राज्यकर्त्याच्या मर्जीवर चाले. वतन मात्र पिढ्यान्‌पिढ्या चाले. व्यवहारात सरदारांनी सरंजामालाही वतनाचे रूप दिले.

या गटातील मला सर्वांत आवडणारा शब्द ‘मिरास’. अरबी ‘व-र-स’ या धातूपासून ‘वारस’, ‘वारसा’, ‘विरासत’ आणि ‘मिरास’ हे सर्व शब्द आले. अरबीत धातूची तीन व्यंजने कायम राहतात आणि स्वर व उपसर्ग बदलून नवे शब्द घडतात; संस्कृत धातूंपेक्षा ही रीत वेगळी आहे. गावातला मिरासदार म्हणजे ज्याचा जमिनीवर वंशपरंपरेने कायम हक्क आहे असा शेतकरी. पेशवाईच्या पाडावानंतर एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात मिरासदारांची दखल आहे. आज मात्र ‘ही काय तुझ्या बापाची मिरास आहे?’ एवढ्यापुरताच हा शब्द अनेकांच्या तोंडी उरला आहे.

५.५ वंशावळ हा युक्तिवाद असतो

वतनावर दावा सांगायचा, तर आपण मूळ पुरुषाचे वंशज आहोत हे दाखवावे लागे. म्हणून ‘करीना’ लिहिला जाई, ‘कैफियत’ दिली जाई, गोतसभा बसून ‘महजर’ होई. ‘महजर’मध्ये ‘हजर’ हा शब्द लपलेला आहे. जे हजर होते, त्यांच्या साक्षीने झालेला निवाडा म्हणजे महजर. अशा कागदांत पित्याचे नाव ‘बिन’ किंवा ‘वलद’ या शब्दांनी जोडलेले दिसते. दोन्ही अरबी, ‘अमुकाचा मुलगा’ हा अर्थ.

याचा अर्थ असा की वंशावळ बहुधा निर्हेतुक नसते. भांडण उभे राहिले, की ती लिहिली जाते. ज्या शाखेने ती लिहवून घेतली, ती शाखा ठसठशीत उमटते. प्रतिस्पर्धी शाखा ‘निपुत्रिक’ ठरते किंवा वगळली जाते. मूळ पुरुष जितका प्राचीन, तितका दावा भक्कम, म्हणून सूर्यवंश-चंद्रवंशापर्यंत धागे पोहोचतात. यात आपणच कल्पक, असे समजू नका. स्कॉटलंडच्या कॅम्बेल घराण्याच्या जुन्या वंशावळींनी आपले मूळ राजा आर्थरपर्यंत नेले होते! फरक असा की तेथे १६१७ पासून जमिनीच्या हस्तांतराची सार्वजनिक नोंदवही आहे आणि १६७२ पासून घराण्यांच्या कुलचिन्हांची अधिकृत नोंद ठेवली जाते. दंतकथेला समोरासमोर बसवायला दुसरा कागद मिळतो. आपल्याकडेही असा कागद आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात तो रुमालांमध्ये बांधून ठेवलेला आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. मोडी लिपी शिकण्याचा आग्रह आम्ही का धरतो, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

५.६ ‘खालसा’

‘खालिस’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. त्यावरून ‘खालसा’ म्हणजे मधल्या कोणत्याही हक्कदाराशिवाय थेट सरकारची असलेली जमीन. आणि मग ‘संस्थान खालसा केले’ हा प्रयोग. कुलाब्याचे रघुजी आंग्रे (दुसरे) १८३८ मध्ये वारले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला पुत्रही लवकरच दगावला. विधवेने दत्तक घेण्याची परवानगी मागितली. कंपनी सरकारने ती नाकारली आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झाले. डलहौसी हिंदुस्थानात येण्यापूर्वी आठ वर्षे! साताऱ्याची पाळी १८४८ मध्ये आली.

येथे दोन भाषा एकमेकींना भिडलेल्या दिसतात. आपल्या धर्मशास्त्रात दत्तक पुत्र हा औरसाच्या जागी येतो. तो नाव, पिंड आणि वतन तिन्ही चालवतो. ब्रिटिश सरदारकीच्या रीतीत दत्तक मुलाला पदवी मिळत नाही. औरस वंश खुंटला की ती रक्ताच्या नात्यातील दुसऱ्या शाखेकडे जाते. तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन १८६० मध्ये अविवाहित वारले, तेव्हा पदवी चुलत शाखेकडे गेली. ती कोणी खालसा केली नाही. कुलाब्याच्या बाबतीत मात्र ‘वारस नाही’ हे वाक्य पुरेसे ठरले. राज्यविस्ताराचा लोभ हे मुख्य कारण होतेच. परंतु ‘वारस’ या शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर एका घराण्याचे राज्य गेले, हेही खरे.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब संपवले आणि १९५० पासूनच्या कायद्यांनी परगणे व कुलकर्णी वतनांपासून सुरुवात करून एकेक वतन नाहीसे केले. स्कॉटलंडमधील सरंजामी भूधारणा अधिकृतपणे संपली ती २८ नोव्हेंबर २००४ रोजी. या एका बाबतीत आपण अर्धशतकाने पुढे होतो.

५.७ तुमच्या घरातील कागद

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. एक तत्सम विशेषण, एक तत्सम नाम आणि एक इंग्रजी शब्द यांचा हा संक्षेप. जमीन सर्व भावंडांची, पण नोंद कर्त्या पुरुषाच्या नावे, असा त्याचा अर्थ. पुढच्या पिढीत उतारा नव्याने लिहिताना ही अक्षरे गळली, तर व्यवस्थापक मालक दिसू लागतो आणि बाकीची भावंडे कागदावरून नाहीशी होतात. तिच्या घरी नेमके तेच झाले होते. सातबारावरची ‘अ.पा.क.’ ही अक्षरेही अशीच वाचायची : ‘अज्ञान पालनकर्ता’. येथे ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे, तर वयाने सज्ञान न झालेला.

स्त्रीचे नाव जुन्या उताऱ्यावर आलेच, तर ते ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दानंतर पतीचे नाव जोडून येते. ‘भ्रतार’ हे संस्कृत ‘भर्तृ’ शब्दाचे वर्णविपर्ययाने झालेले रूप. ओव्यांमधून ते तुमच्या परिचयाचे आहे. बहुतेक वेळा हे नाव विधवेचे असते. मुलीचे नाव मात्र घरच्या जुन्या वंशावळीत शोधून पाहा. आमच्या पाहण्यातील बहुतेक वंशवृक्षांत मुलींच्या फांद्याच नाहीत. मुलगी झाली, लग्न होऊन गेली. ती झाडावर नाही. ग्रँटचा ग्रँट डफ झाला तो आईच्या बाजूने, हे टिपून ठेवायला सांगितले होते, ते यासाठी.

कायद्याने आता हे झाड पुन्हा काढायला लावले आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने देशभर, हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाप्रमाणे सहदायक मानले गेले. हा हक्क तिला जन्मानेच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. ‘सहदायक’ या शब्दातील ‘दाय’ म्हणजे वारसाहक्काने मिळणारे धन. ‘दायाद’ हा त्याच कुळातला जुना शब्द. मराठीत ‘दायाद’ म्हणजे भाऊबंद, आणि बोलीत बऱ्याचदा हाडवैरी!

त्या विद्यार्थिनीने पुढच्या सत्रापर्यंत आजीला विचारून नवी वंशावळ काढून आणली. तीत मूळ पुरुषाखाली तीन मुलगे होते. त्यांच्या शेजारी, वेगळ्या शाईने, दोन मुली. एकीचे नाव आजीला आठवले. दुसरीच्या जागी तिने फक्त ‘आत्या’ लिहिले होते. नाव शोधण्याचे काम सुरू आहे, असे ती म्हणाली. जुनी जन्म-मृत्यू नोंदवही पाहावी, असे मी सुचवले.

५.८ स्वाध्याय

१. ‘सरखेल’ आणि ‘वतन’ या शब्दांच्या मूळ अर्थात आणि मराठीतील अर्थात झालेला बदल सोदाहरण स्पष्ट करा.

२. १७३५ च्या आंग्रे बंधूंच्या वाटणीत किताबाचा प्रश्न कसा सोडवला गेला? स्कॉटलंडमधील पदवीच्या वारशाशी त्याची तुलना करा.

३. उपक्रम : आपल्या किंवा परिचयातील एखाद्या कुटुंबाचा पन्नास वर्षांपूर्वीचा सातबारा अथवा फेरफार मिळवा. त्यातील संक्षेप आणि नातेवाचक शब्द यांची यादी करा. त्याच कुटुंबाची तोंडी वंशावळ घरातील सर्वांत वयस्क स्त्रीकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून कोणती नावे कागदावर नाहीत, ते नोंदवा.